बरं हाय मनू नको

गेली कित्येक वर्षं वडशाच्या पंचक्रोशीत कुणी माणूस स्वतःचं वाक्य स्वतः बोलला असेल, यावर माझा विश्वास नाही. ते आधी आमच्या मामाजींनी त्याच्या कानात सांगितलेलं असायचं. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की गावोगाव नाटकं लागतात, आणि आमचे मामाजी गालात तंबाखूचा खर्रा दाबून विंगेत बसायचे. राजा त्यांच्या आवाजावर गरजायचा, खलनायक त्यांच्या आवाजावर हसायचा, आणि टाळ्या मात्र ते दोघं घेऊन जायचे. त्याचं मामाजींना काही नव्हतं. पण हंगाम संपला तरी त्यांची जीभ काही स्वस्थ बसेना, हे आमचं दुखणं होतं.

माझ्याच लग्नातली गोष्ट घ्या. नाव घ्यायची वेळ आली आणि बायको अडली. मागून मामाजी कुजबुजले, आणि भाचीनं एका सुरात सगळं म्हणून टाकलं, "धानाच्या बांधीत बसला बगळा, यांचं नाव घेते, जोरात बोल, मागं आयकू नाई येत!" मांडव हसून लोळला. बगळ्याचं यमक आजतागायत जुळलेलं नाही. मामीजींचं तर विचारूच नका. त्यांना कुणी 'कशा आहात' विचारलं, की उत्तर मामाजीच द्यायचे. त्या नुसता पदर सावरायच्या.

तर अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. पूर्वी केमो म्हटलं की नागपूर गाठावं लागायचं. आता जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातच त्याची खोली झाली आहे. सकाळी मी आणि मामीजी त्यांना घेऊन जायचो, सलाईन लावायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "मामा, औषधानं गाठ आटली तर आवाज वाचेल. नाही आटली तर नागपूरला ऑपरेशन, आणि मग आवाज राहणार नाही. म्हणून त्रास होईल तो लपवायचा नाही." मामाजींनी मान डोलावली. खर्रा त्या दिवशी सुटला. बोलणं कुठून सुटणार?

आमच्याकडच्या माणसाची एक खोड आहे. डॉक्टरनं विचारलं की 'बरं हाय' म्हणायचं. एवढं औषध दिलं बिचारीनं, आणि तिच्या तोंडावर बरं नाही म्हणायचं? काय बोलणं झालं हे! शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडचे एक म्हातारबा होते. तोंड आलेलं, घास जात नव्हता, तरी 'बरं हाय'. मामाजींना कुठं राहवतंय! सलाईनसकट वाकून कुजबुजले, "बरं हाय मनू नको. तोंडात आग होते मन. रात्री झोप नाई मन." म्हातारबांनी इमानदारीनं शेवटच्या 'म्हण'सकट सांगितलं, "रात्री झोप नाई मन." डॉक्टरीणबाई आधी चक्रावल्या, मग हसल्या, मग त्यांनी औषध बदललं. सिस्टर सुरुवातीला मामाजींवर खेकसायच्या; पुढे पुढे त्याच म्हणू लागल्या, "मामा, या बाई लाजून राह्यल्या, जरा बोलतं करा."

खोलीभर असा खरेपणा वाटून झाल्यावर एक दिवस डॉक्टरीणबाई मामाजींच्या खाटेशी आल्या. "गिळता येतं ना, मामा?"

"फस्कलास!" मामाजी म्हणाले. आवाज पार बसलेला. "एकदम बरं हाय."

मला त्यांचा असा राग आला! पण मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी बोललं. मामीजी. खुर्चीतून उभ्या राहिल्या होत्या.

"लबाड बोलून राह्यले हे, बाई. पेजबी उतरत नाई गळ्याखाली. घरी पाठ फिरवून थुकते. तुम्ही करा ऑपरेशन. आवाज गेला तं जाऊ द्या. मले मानूस पायजे."

मामाजी बायकोकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जवाईबापू, हे वाक्य मी नाई देल्लं तिले." आणि डोळ्यांवर टॉवेल ओढून घेतला.

ऑपरेशन झालं. मामाजी आहेत, दोन वेळा पेजेबरोबर मऊ भातही खातात, आणि डॉक्टरीणबाई तपासणीला बोलावतात तेव्हा मामीजी सगळं तपशीलवार सांगतात. यंदाही वडशाला नाटकं लागली. विंगेत दुसरा कुणी बसतो, चांगलं काम करतो म्हणतात. मी अजून ऐकायला गेलो नाही.

रविवारी मात्र मी त्यांच्याकडे जातो. बोलता बोलता एखादा शब्द अडतो, तेव्हा मामाजींचे ओठ हलतात. मला काही कळत नाही. मामीजींना कळतं, त्या चुलीजवळूनच तो शब्द सांगतात. नेमका तोच असतो. मामाजी खूश होऊन मांडीवर थाप मारतात, आणि मी माझं वाक्य पुरं करतो.