गिरणीचं वायफाय आणि फाटका जोडा

“आड एक असला म्हणून घागर एक न्हाई,” असं धम्मदीप येताजाता म्हणतो. खरं तर आमच्या सुदुंबऱ्यात जुन्या काळी आडही एक नव्हता, हे त्याचा बाप भिमाजी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. त्यांच्या वस्तीचा वेगळा, आमचा वेगळा. मग निवृत्तीआबाच्या पिठाच्या गिरणीत वायफाय आलं, आणि पाण्याला जे जमलं नव्हतं ते त्याला जमलं. भातखाचरांवरचं धुकं वर सरकलं की गिरणीचा पट्टा फिरू लागतो, आळीभर तांदळाच्या पिठाचा वास सुटतो, आणि दळण होईपर्यंत सारं गाव एकाच पासवर्डवर मांडीला मांडी लावून बसतं.

धम्मदीप बेगडेवाडीला गाडी धरून पुण्यात एका ऑनलाइन दुकानाच्या कचेरीत जातो. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचायच्या, पैसे परत द्यायचे का ते बघायचं, हे त्याचं काम. तक्रार कुठल्या इंटरनेटवरून आली, त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. घरनंबरच समजा. एका वायफायवरचे सगळे फोन बाहेरच्याला एकाच घरातले वाटतात.

लग्नसराईच्या तोंडावर एक यादी आली. आयपी एक, तक्रारी सतरा, सगळ्यांना पैसे परत हवेत.

“एकच भामटा आहे,” त्याच्या साहेबीण अनघा मॅडम म्हणाल्या. “सतरा नावं घेऊन बसलाय. सगळी खाती बंद कर.”

धम्मदीपनं यादी वाचली. सातवं नाव शकुबाईचं. गिरणीसमोर ब्लाउज शिवते ती. तिच्या शिलाई मशीनची मोटर जळकी आली होती. पैसे परत आले तरच दुसरी मोटर, नाहीतर नवऱ्यामुलींचे कापून ठेवलेले ब्लाउज तसेच पडणार आणि गिऱ्हाईक तळेगावला जाणार.

“मॅडम, हे माझं गाव आहे.”

“मग तर तू या यादीला हातच लावू नकोस.”

“नाही लावत. तुम्हीच तारखा बघा.”

त्यांनी बघितल्या. सगळ्या तक्रारी सकाळी दहा ते बाराच्या. गुरुवारी एकही नाही.

“दहा ते बारा बाया दळणाला बसतात,” धम्मदीप म्हणाला. “गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद, म्हणून गिरणी बंद. भामटा काय साप्ताहिक सुट्टी घेतो?”

मॅडम हसल्या नाहीत. पण एकेक तक्रार स्वतः उघडून बसल्या. चौदा तक्रारींचे फोन वेगळे, घरं वेगळी, माल वेगळा. चौदाही खऱ्या. उरल्या तीन. नावं तीन, फोन एक, आणि तिन्ही फोटोंत तोच फाटका जोडा. चांगले जोडे ठेवून घ्यायचे, पैसेही परत मागायचे, असा तो डाव.

“हा कोण?”

धम्मदीपनं फोटो बघितला. जोड्याच्या टोकावर पीठ. मागं गिरणीचा काटा. नाव घेतलं तर गावाचं वायफाय जाणार, आणि लपवलं तर मॅडम बाकीच्या चौदांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

“आड ज्याचा, तोच. गिरणीवाला,” तो म्हणाला.

शकुबाईचे पैसे आले, मोटरही आली. निवृत्तीआबाचं खातं बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी पासवर्ड बदलला.

रविवारी धम्मदीप दळण न्यायला गेला. बाया बसलेल्याच होत्या, नुसत्या.

“तूच केलंस ना?” आबा म्हणाला.

“व्हय, आबा.”

“तीस वर्सं तुज्या बापाचं दळण दळलं मी. आन् एका जोड्यापायी माजं नाव सांगितलंस?”

“तीन जोडे, आबा.”

बायांनी तोंडाला पदर लावले.

“मंग बसू दे आता समद्यांना इंटरनेटबिगर.”

“बसत्यात की. गुरुवारची सवय हाय त्यांना.”

त्यानं पिठाचा डबा खांद्यावर घेतला आणि वस्तीच्या वाटेला लागला, सावकाश, पीठ सांडू न देता. समोरच्या दारातून शकुबाई बघत राहिली. नव्या मोटरीच्या पेडलवर पाय तसाच दाबलेला, ब्लाउजाची शिवण वाकडी गेली तरी तिला कळलं नाही. निवृत्तीआबाही उंबऱ्यावर येऊन बघत होता. अनवाणी. घरात तीन कोरे जोडे होते, पण आता कुठला घालून गावात फिरणार?