मैने, बाईंना सांग

तात्या माणसांशी बोलत नसत. मुके नव्हते, आवाज तर चांगला खणखणीत होता. पण जे काही सांगायचं ते ते आपल्या कुत्रीला सांगत आणि ज्याचं त्याने ते ऐकून घ्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. ऐंशी सालच्या आसपास मी राजोडीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या वाडीत पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान उतरवत होते तेव्हा ते दारात आले, पायाशी बसलेल्या तपकिरी कुत्रीकडे बघून म्हणाले, "मैने, बाईंना सांग, विहीर मागं हाय. पानी गढूळ दिसलं तर गाळून घ्या म्हनावं." मी कुत्रीकडे पाहिलं, कुत्रीने माझ्याकडे. शेवटी मीही तिलाच म्हटलं, "बरं म्हणावं." तात्यांनी मान हलवली आणि गेले. आमची ओळख झाली ती अशी.

मी घाटावरची, इथे शाळेत नोकरी लागली म्हणून आलेली. नवरा कारखान्यात पाळीवर, घरी असला तर झोपलेला. बोलायला कुणी नाही ही माझी स्थिती, आणि शेजार मिळाला तो असा. पहिले काही महिने मी मनातून चिडले होते. मग सवय झाली. इतकी, की मीच वाकून मैनेला विचारायची, "काय गं, यंदा केळी कशी आहेत?" वरून उत्तर यायचं, "बरी हायत म्हनावं. वारा नाय झाला तर." मैना दोघांच्या मधे बसून शेपटी हलवायची. तिच्या कामात तिने कधी कुचराई केली नाही.

हे असं का, ते मला हळूहळू कळलं. तात्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं. घरात दोघे भाऊ. विहिरीवरचा रहाट काढून पंप बसवायची वेळ आली तेव्हा पाण्याची पाळी आधी कुणाची यावरून दोघांचं वाजलं, आणि घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. एकाच ओट्याचे दोन ओटे झाले. धाकटे भाऊ बायकामुलांत होते, त्यांचं निभावलं. तात्या आपल्या बाजूला एकटे पडले आणि त्यांनी बोलणंच टाकलं. मग कधीतरी वाडीत एक कुत्री व्याली. पिलांतलं एक यांनी उचललं, एक पलीकडे भावाच्या पोरांनी. ती मैना आणि तो मोती. तात्यांचं तोंड पुन्हा उघडलं ते मैनेपुढे.

तिच्याशी ते दिवसभर बोलत. केळीची पिल्लं काढताना, सुकेळी वाळत घालताना, भात वाढून घेताना. माझ्या खोलीत मी उत्तरपत्रिका तपासत बसायची आणि तो आवाज कानावर यायचा. "या लोंगराला अजून आठ दिस ठेवू, काय?" असं केळीच्या एखाद्या घडाबद्दल विचारून ते खरोखरच थांबत. त्या थांबण्याने मला फार एकटं वाटायचं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

एका उन्हाळ्यात मैना जेवेनाशी झाली. वाडीत फिरताना मधेच बसायची. तात्यांनी तिचा ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि डोळ्यांत पिवळेपणा. गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, कावीळ दिसते. कावीळ म्हटल्यावर या भागात कुणी काय करतं? तात्यांनी मैनेला बैलगाडीत घातलं आणि चांदीपच्या बाजूला काविळीची माळ देणारा एक जण होता, त्याच्याकडे गेले. औषधी काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेली ती माळ. गळ्यात घालायची, कावीळ उतरेल तशी ती लांबत जाते म्हणतात. माळ देणाऱ्यानेही रोगी कोण आहे ते बघून काही हरकत घेतली नाही. मैना माळ घालून परत आली. एरवी मला हसू आवरलं नसतं, पण ती माळेच्या वजनानेही दमत होती.

आणि माळ लांबली. गळ्याशी होती ती छातीपर्यंत आली, पुढच्या पायांपर्यंत आली. तात्या रोज सकाळी बघत आणि खुशीत म्हणत, "मैने, बाईंना सांग, उतरतेय म्हनावं." मैना मात्र उठेनाशी झाली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मैने, तात्यांना सांग, माळ वाढतेय आणि तू आटतेयस. मुंबईला चल म्हणावं." दुसऱ्या दिवशी सकाळी केळी नेणाऱ्या ट्रकमधे त्यांनी लोंगरांच्या बाजूला गोणपाट अंथरलं. शाळेला सुट्टी होती, मीही बसले.

मुंबईतल्या जनावरांच्या इस्पितळातले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले खात नाही?" तात्या मैनेला म्हणाले, "सांग, होळीनंतर कमीच झालं." डॉक्टरांनी मान वर केली. मला वाटलं, आता हे आम्हाला हाकलून देणार. पण त्यांनी एकदा तात्यांकडे पाहिलं, एकदा मैनेकडे, आणि तिचा कान कुरवाळत म्हणाले, "मैनाबाई, लघवीचा रंग कसा आहे, विचारा बरं मालकांना." पुढचं सगळं तपासणं असंच झालं. इतकी वर्षं झाली, त्या डॉक्टरांची आठवण आली की अजून बरं वाटतं.

रक्त तपासून झाल्यावर त्यांनी मैनेला समजावलं, तात्यांना ऐकू जाईल अशा बेताने. ही साधी कावीळ नाही. अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते ती बिथरली आहे. आपल्याच रक्ताला शत्रू समजून ते मारत सुटली आहे. रक्त असं मरतं म्हणून डोळे पिवळे. या फौजेला दाबून ठेवणारं औषध द्यायचं, आणि ते मनाने बंद करायचं नाही. पण आत्ता अंगात रक्तच उरलेलं नाही, तेव्हा उद्याच दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल. मोठा, धडधाकट कुत्रा हवा. आहे का कुणाचा?

तात्या मैनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या अंगात पन भावकी लागली."

धडधाकट कुत्रा होता. कुडाच्या पलीकडे होता.

त्या संध्याकाळी तात्या मैनेला उचलून घेऊन ओटा उतरले आणि घराला वळसा घालून भावाच्या अंगणात जाऊन उभे राहिले. त्या अंगणात त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. मी विहिरीपाशी होते, तिथून दिसत होतं. धाकटे भाऊ ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, त्यांचा अडकित्ता थांबला. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मोती येऊन मैनेला हुंगायला लागला तेव्हा ते त्याला म्हणाले, "मोत्या, तुझ्या बहिनीला रगत पायजे. तुझ्या धन्याला विचार, उद्या येशील का म्हनून."

मला वाटलं, आता धाकटे काहीतरी बोलतील, जुनं उकरून काढतील. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. घसा साफ केला. आणि तेही मोतीलाच म्हणाले, "जा म्हनावं. पन तुला नेताना साखळी नको, घाबरतोस तू. मी येतो संगती." दारात त्यांची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

ट्रकमधे एका कडेला तात्या, एका कडेला धाकटे, आणि मधे गोणपाटावर दोन कुत्री. घोडबंदर आल्यावर धाकटे म्हणाले, "मोत्या, विचार, पोटात काय हाय का तिच्या." तात्या म्हणाले, "मैने, सांग, दूध घेतलं थोडं." मी लोंगरांकडे तोंड करून बसले होते, कारण मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. इस्पितळात मोतीला टेबलावर धाकट्यांनी धरलं, मैनेला तात्यांनी. मोतीचं रक्त बाटलीत उतरलं आणि बाटलीतून थेंब थेंब मैनेत गेलं. दोघे भाऊ त्या बाटलीकडे बघत होते.

मैना उठली. पावसाळाभर तात्यांनी तिचं जे केलं ते बघून माझ्या नवऱ्याने एकदा मला विचारलं, मी आजारी पडलो तर तू एवढं करशील का. गोळी सुकेळीत घालून द्यायची. मैना सुकेळं खाऊन गोळी तेवढी स्वच्छ चाटून जमिनीवर ठेवायची. तात्या शांतपणे दुसरं सुकेळं सोलायचे. त्या औषधाने भूक आणि तहान अशी लागायची की ती पाण्याचं पातेलं सोडेना. पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले. रोज सकाळी उजेडात नेऊन तात्या तिचा ओठ उचलत आणि हिरड्यांचा रंग जांबाच्या फळांशी ताडून बघत, काही पांढरी असतात, काही गुलाबी. "पांढरा जांब," असं पुटपुटले की त्या दिवशी वाडीत काम व्हायचं नाही. "गुलाबी" म्हणाले की माझ्या दारात केळफूल येऊन पडायचं. कुडापलीकडून धाकट्यांचा आवाज यायचा, "मोत्या, आज कुठला रंग, विचार." आणि अलीकडून उत्तर जायचं. घरातली दोन कुत्री त्या दिवसांत फार कामात होती.

दिवाळीनंतर एका सकाळी तात्यांनी रंग सांगितलाच नाही. पलीकडून दोनदा विचारणा झाली. मुंबईला जाणाऱ्या ट्रकला अजून वेळ होता. मैनेला त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि तिच्याशी काहीबाही बोलत होते, वाडीतलंच, कुठला लोंगर कधी उतरवायचा ते. ट्रक आला तेव्हा ती गेलेली होती. धाकट्यांनी येऊन केळीच्या बागेत खड्डा खणला. तात्यांनी तिला आत ठेवलं. दोघांनी माती लोटली, आणि एकमेकांकडे न बघता दोघे आपापल्या ओट्यावर गेले. मला वाटत होतं, आता तरी कुणीतरी काही बोलेल. पण बोलायचं कुणाकरवी, हा प्रश्न दोघांनाही पडला असावा.

धाकटे मग रोज सकाळी मोतीला अलीकडे सोडून द्यायला लागले. मोती तात्यांच्या पायाशी येऊन बसायचा. तात्या त्याच्या अंगावरून हात फिरवत, तोंड उघडत आणि मिटत. मोती त्यांचा नव्हता. थोड्या वेळाने तोही उठून जायचा. मैनेशी बोलणारा तात्यांचा तो आवाज थांबला, आणि माझ्या खोल्यांत मला एवढी शांतता सहन होईना. मी नवऱ्याला म्हटलंही, आपण दुसरीकडे बघू या.

अशात एकदा मी घागर घेऊन विहिरीकडे निघाले होते. तात्या वाटेत उभे होते. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बाई, पंप बिघडलाय. दोन दिस पानी बेतानं वापरा."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते. असं कधी होईल म्हणून मी किती वाट बघितली होती, नवऱ्याशी पैज लावली होती. आणि आता ते ऐकवेना. मैनेशी बोलतानाचा त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा होता. हा तो नव्हता, हा कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज होता. मी कसंबसं "बरं" म्हणाले.

तरी ते हलले नाहीत. बोलून झाल्यावर खाली, पायाशी बघत तसेच उभे राहिले. मग निरोप पोचलाय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि ते वाडीत निघून गेले.