कडी बाहेरून होती

दरवर्षी क्षेत्रभेटीआधी मी सातवीच्या मुलांना एक कागद देते. त्यावर पाच प्रश्न असतात आणि शेवटचा नेहमी तोच: त्या वेळी तुमच्या घरातली माणसं कुठं होती? घरी विचारून लिहा. किल्ला असो की तुरुंग, हा प्रश्न चालून जातो. मुलं 'माहीत नाही' असं लिहून आणतात, मी बरोबरची खूण करते. यंदा तो प्रश्न काढायला हवा होता. झेरॉक्स काढून वाटल्यावर लक्षात आलं.

यंदा निपाणीला तंबाखू कामगारांच्या स्मारकात जायचं ठरलं होतं. मी त्याऐवजी काकतीचा किल्ला सुचवून पाहिला. हेडसर म्हणाले, निपाणीला तिकीट नाही आणि आपल्या सदलग्याहून निघालं तर जेवायला परत येता येतं. माझं खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

हे स्मारक म्हणजे तंबाखूची जुनी वखार. मी सहा वर्षांची असताना आई याच वखारीत तंबाखू चाळायला होती. मजुरीसाठी बायकांनी संप केला आणि वखारीपुढच्या रस्त्यावर बसल्या. आई बसली नाही. ती आणि आणखी पंधरा-वीस जणी मागच्या गल्लीतून आत गेल्या आणि पाच दिवस आतच राहून चाळत होत्या. घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मीही आत होते. हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे. बाकी कुणाला सांगायची वेळ मी येऊ दिली नव्हती.

रस्त्याकडचं मोठं दार आता भिंत घालून बंद केलंय. ये-जा मागच्या दारानं, पूर्वी फक्त पोती आणि हमाल जायचे त्या. मी मुलं मोजून आत सोडली आणि सगळ्यांत शेवटी शिरले.

माहिती देणारी आजी सत्तरीच्या पुढची, स्वतः संपात बसलेली. भिंतीवरच्या मोठ्या फोटोत ती तिसऱ्या रांगेत आहे. बोट ठेवून ठेवून तिथला कागद पांढरा पडलाय. चाळण्या, लोखंडी वजनकाटा, नाकाला बांधायची फडकी असं सगळं तिनं दाखवलं. मग मुलांच्या हातातले कागद बघून म्हणाली, वाचा बघू काय लिहिलंय ते. मुलांनी वाचलं. सगळ्यांच्याच आज्या रस्त्यावर बसल्या होत्या. एवढ्या बायका खरंच बसल्या असत्या तर रांग संकेश्वरला पोचली असती.

एका मुलीनं वाचलं नाही. तिच्या कागदावर पाचवी ओळ कोरी होती. तिच्या मागची मुलगी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाली, "हिची आजी मालकाकडनं हुती. आतनं कडी लावून बसलेली. माझी आजी सांगत्या."

मी ऐकलं. आणि सगळ्यांना म्हणाले, चला, काटा बघून घ्या.

शेवटी आजी प्रत्येक शाळेला एक गोष्ट करून दाखवते. "आत कसं असायचं ते बघा आता," असं म्हणत ती बाहेर गेली, दार ओढलं आणि कडी घातली. एका मिनिटासाठी.

आत उजेड फक्त छताजवळच्या झरोक्यातून. वास अजून भिंतीत आहे, दोघं-तिघं लगेच शिंकली. त्या झरोक्याखाली पोत्यांची थप्पी असायची, मी तिच्यावर चढून रस्त्यावरच्या बायका बघायची. त्या ओरडायच्या आणि पत्र्यावर दगड पडायचे. तिसऱ्या दिवशी आईनं दार वाजवलं. घरी जाऊ द्या म्हणाली. मुकादम बाहेरून म्हणाला, गप बस, त्या तुझं डोकं फोडतील. दार उघडलं नाही. थोड्या वेळानं ती परत चाळायला बसली. चाळणीचा आवाज तेवढा येत राहिला.

अंधारात ती मघाशी मागून बोललेली मुलगी म्हणाली, "हिला सवय असंल गं." चार-पाच जणी हसल्या.

माझा हात दारावर कडी चाचपत होता. आतल्या बाजूला कडी नव्हतीच.

"मीही आत होते," मी म्हणाले. "त्या वेळी. माझ्या आईबरोबर. पाच दिवस."

हसणं थांबलं. मग कुणीतरी विचारलं, "खरंच, बाई?" मी होय म्हणाले.

दार उघडलं तशी दोघं धावत आजीकडे गेली आणि सांगून मोकळी झाली. आजी आत आली. मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"झरोक्यात एक पोरगी दिसायची. ती तू?"

"आत दुसरं लहान कुणी नव्हतं."

"दगड मी बी मारल्यात. लागला हुता का?"

"नाही. पत्र्यावर पडायचे."

"आय हाय?"

"गेली. आठ वर्षं झाली."

"आम्ही बोलत नव्हतो तिच्याशी."

"माहीत आहे. नळावर आमची घागर शेवटची असायची."

तेवढ्यात कोऱ्या ओळीच्या मुलीनं विचारलं, तुमची आई आत का गेली? मी आईला एकदाच विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली होती, आत दोन वेळचं जेवण होतं. तेच मी सांगितलं. मग तिसऱ्या दिवसाचंही सांगितलं. तिला बाहेर यायचं होतं, कडी बाहेरून होती.

आजी म्हणाली, "बाहेरनं? आम्हाला वाटायचं, आतनं लावून बसल्यात."

ती दाराशी गेली. दार पुढून बघितलं, मागून बघितलं. रोज स्वतः घालते ती कडी दोनदा सरकवली आणि तिथंच उभी राहिली. माफी वगैरे काही मागितली नाही. मलाही नको होती. बाहेर दुसऱ्या शाळेची गाडी लागली होती.

"ह्यांना काय सांगू?" तिनं विचारलं.

"ऐकलं तेवढं सांगा."

गाडीत ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. आमच्या आजीलाही बाहेर यायचं असेल का, असं विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही, घरी विचार आणि कागद सोमवारी दे.

शिक्षण खात्याच्या ऑफिसला कानडीच चालते, म्हणून तिथं पाठवायचा अहवाल मी रविवारी कानडीत लिहिला: मुलांनी जुनी अवजारं पाहिली, भेट उपयुक्त ठरली. सोमवारी तिनं कागद दिला. पाचवी ओळ पुरली नव्हती म्हणून समासात लिहिलं होतं: 'माझी आजी आत होती. बाईंच्या आईनं दार वाजवलं तेव्हा आजीनंच तिला मागं ओढलं. मुकादम मारेल म्हणून.'

मी दोनदा वाचलं. बरोबरची खूण केली आणि कागद बाकीच्या कागदांमध्ये लावला.