आचाऱ्याला दिलेला खण

माईकवरनं मला पुकारलं. "आचारीबुवांनी मांडवात यावं." जेवणं उरकली होती, नवरी निघायची होती. पानशेतच्या बाजूला, धरणाकाठी शेठचं फार्महाऊस. तिथंच त्याच्या पोरीचं लग्न. पहाटेपासून मी भट्टीपुढं उभा. अंगात नुसतं बनियन, तेही घामानं छातीला चिकटलेलं. शर्ट घालू म्हटलं तर शेठचा माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, असंच चला, सगळे थांबल्यात." हात पुसत गेलो.

आमच्याकडं रीत आहे. लग्न पार पडलं की आचाऱ्याला मानाचं टॉवेल-टोपी अन् नारळ देतात. बाईमाणसाला खण-नारळ. खण म्हंजे चोळीचं कापड. हे शेंबड्या पोरालाही ठावं असतं.

शेठच्या हातातल्या ताटात खण होता. हिरवा, जरीकाठाचा.

"घ्या मावशी," शेठ माईकमधनं म्हणाला. "टोपीपरीस तुमाला ह्याचीच गरज."

मांडव हसला. पुण्याचे पाहुणे खुर्चीत रेलून हसले. आमच्या खोऱ्यातले चार जण शेठकडं बघून हसले. मोबाईल वर झाले. मागनं एकजण म्हणाला, "नुसता खण काय देता, माप पण घ्या."

अन् माझा हात पुढं गेला. मांडवात जे देतील ते दोन्ही हातांनी घ्यायची जन्माची सवय. खण घेतला. वाकून नमस्कारसुद्धा केला. त्या नमस्काराची मला जेवढी चीड येते तेवढी शेठची येत न्हाई.

मी आधी लई जाडा होतो. आचारी वाळका असला की लोक म्हणतात, ह्याच्या हाताला चव नसंल. तेव्हाही छाती सुटलेलीच होती. पण पोट तिच्याही पुढं होतं, म्हणून कुणी बघत नव्हतं. मग साखरेचा आजार निघाला. भोरच्या डॉक्टरनं दम भरला, वजन उतरवा, न्हाईतर पाय कापायची पाळी येईल. वेल्ह्याकडच्या माणसाला भात सोड म्हणणं म्हंजे श्वास सोड म्हणण्यासारखं. सोडला. नाचणीची भाकरी अन् पालेभाजी. बासुंदी आटवायचो मी, चाखायला दुसऱ्याला लावायचो. रोज खिंड चढायचो. आधी धापा टाकत, मग काठी टेकत, मग काठीशिवाय.

माणूस निम्मा झालो. पोट गेलं, गाल गेले. छाती गेली न्हाई. कातडी लोंबायला लागली अन् आत गाठ तशीच. बनियनमधनं दोन्ही बाजू उठून दिसायच्या. मला त्याची लाज नव्हती. एवढ्या म्हातारपणी एवढं अंग उतरवलं, ह्याची मिजास होती म्हणा. त्याच अंगाला मांडव हसला.

घरी आलो. खण चुलीत टाकायला निघालो तर बायकोनं मनगट धरलं. "काय झालं ते आधी सांगा." सांगितलं. मला वाटलं, शेठला शिव्या घालंल. तिनं खण माझ्या हातातनं काढून घेतला. मग म्हणाली, "मला उभ्या जन्मात किती खण आलं. लग्नात आलं, डोहाळजेवणात आलं. कुणी हसून न्हाई दिला. आन् तुमाला शिवी द्यायची तर त्यांना खणच सापडला? माजं अंग काय शिवी हाय? पोरं कशावर वाढली मग?"

मी म्हणालो, "अगं, अपमान माझा झाला."

"तुमचा झाला तवा तुमाला कळला," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तो खण. चुलीत घालायसारखं त्यानं काय केलंय?"

मला तेव्हा ते पुरतं कळलं न्हाई. मी माझ्याच जखमेत होतो. पुढच्या लग्नांत छातीला फडकं करकचून बांधलं, वर जाड शर्ट. भट्टीच्या धगीत श्वास कोंडायचा. फडक्याखाली कातडी सोलली, चट्टे उठले, पाणी सुटलं. तरी सोडलं न्हाई.

शेवटी भोरच्या डॉक्टरपुढं शर्ट काढला. त्यानं दाबून बघितलं, तपासण्या केल्या. वाईट गाठ न्हाई म्हणाला. "आजोबा, चरबी होती ती उतरली. पण पुरुषालाही छातीत ग्रंथी असते, ती वाढली की वजन घटवून जात नाही. आणि ही कातडी आता मागं जायची नाही. ऑपरेशनच."

पोरगा म्हणाला, "आबा, आता ह्या वयात कुणाला दाखवायचंय?"

म्हातारा झालो म्हंजे अंग माझं ऱ्हायलं न्हाई काय? मला दुखतंय, मला खाजतंय. दाखवायचं न्हाई, वागवायचं आहे. मी अडून बसलो. पुण्याला नेलं.

तिथं डॉक्टरनं पेनानं छातीवर रेघा मारल्या. कुठं कापायचं, कुठं ओढून शिवायचं. आजूबाजूला शिकाऊ पोरं. त्यातला एक दुसऱ्याला कोपरानं ढोसून हसला. आधीचा मी असतो तर मान खाली घातली असती. म्हणालो, "ए डॉक्टर, हसायचं असंल तर भाईर जाऊन हस. मी हितं दुखणं घेऊन आलोय, तमाशा न्हाई." मोठ्या डॉक्टरनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. पोरगं लालेलाल झालं. मला लई बरं वाटलं.

गाठी काढल्या. जास्तीची कातडी कापली. दोन्हीकडं नळ्या, वरनं आवळ पट्टा. रात्री कूस बदलता येईना. कढई उचलायला बंदी. आता दोन लांब वण आहेत अन् मधली कातडी बधिर. हात लावला तर दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखं वाटतं. पण चट्टे गेले. श्वास मोकळा झाला.

मनात एक होतं, ते पण सांगतो. वाटलं होतं, आता मिटलं. आता कुणी हसायचं न्हाई.

मग शेठ आला. गाडी दारात लावली, खुर्चीत बसला. आता त्याच्या पोराचं लग्न काढलं होतं. "आबा, ऑपरेशन झालं म्हणं. झ्याक झालं. आता स्वैपाक तुमचाच. आन् ह्या वक्ताला टॉवेल-टोपी, भारीतली. आता शोभंल."

आता शोभंल. म्हंजे छाती कापून घेतली तेव्हा मी टोपीला लायक झालो. अन् उंबऱ्यात बायको उभी होती. तिनं चहा टाकला न्हाई. तिचं त्या दिवसाचं बोलणं मला तेव्हा सगळं कळलं.

म्हणालो, "शेठ, माफी मागा."

"अवो गंमत केली वो. बरं, माफी. झालं?"

"माझी न्हाई. हिची."

शेठ हसला. "वहिनींचा काय संबंध? त्या तर लग्नाला पण नव्हत्या."

"तुमी मला बाई म्हणून हसलात. बाई हसण्यासारखी असती काय, ते हिच्याकडं बघून सांगा."

तो उठला. "एका खणाचं एवढं काय? आचारी काय कमी हायेत?"

"लई हायेत. घ्या त्यातला. तुमच्या चुलीला माझा हात लागणार न्हाई."

त्याची सोयरीक चार गावांत. माझी कामं तुटायला लागली. भावकी म्हणते, मिटव. एक चुलता तर म्हणाला, "बायकूसाठी कुणी सोयऱ्याधायऱ्यात वैर धरतं व्हय?" मी धरलंय.

पुढं भोंगवलीला माझ्या पुतण्याचं लग्न आहे. शेठ येणार, अन् मानाला त्याचं नाव पुकारणार. पुकारू द्या. मी उठून माईक घेणार. मला भाषण येत न्हाई, शाळा माझी दुसरीत सुटली. त्या मांडवात काय झालं ते सांगणार, शेठच्या नावासकट. माझ्या बायकोला उठवून पुढच्या खुर्चीवर बसवणार. मग ज्याला हसायचं असंल त्यानं तिच्या तोंडाकडं बघून हसावं.