डावा दादाचा, उजवा धाकट्याचा

बापाने दोघा भावांना बूट शिवायला बसवलं, तेव्हा दुकानात ज्यावर चामडं चढवून बूट शिवायचा, त्या लाकडी फर्म्यांचा एकच जोड होता. पोरं फर्म्यावरून भांडायला लागली, तशी बापाने वाटणी करून टाकली. डावा बूट थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. पुढे फर्मे वाढले, बाप गेला, वाटणी मात्र मोडली नाही. तीस वर्षं त्या दुकानातला प्रत्येक जोड असा दोन माणसांच्या हातचा निघाला, आणि गिऱ्हाइकाला सांगूनही ते खरं वाटायचं नाही.

"आम्ही दोघं मिळून एक कारागीर," दादा म्हणायचा.

धाकटा हसायचा. मग एक दिवस गणिताच्या बाई दुकानात आल्या. गुडघ्याखाली त्यांचा उजवा पाय कृत्रिम होता.

"चालताना असा ठोक-ठोक वाजतो, की पोरं लांबूनच सावध होतात," बाई म्हणाल्या. "बुटात काही करता येईल का?"

"दोष बुटात नाही बाई, पायात आहे. काढून द्या जरा."

बाई स्टुलावर बसून राहिल्या, धाकटा पाय मांडीवर घेऊन बसला. टाच तासली, रबराचा थर बसवला, पुन्हा तासली. बाई कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या, तर पाचोळा हलावा तेवढाही आवाज नाही. "आता एकेकाला रंगेहाथ पकडते!" म्हणाल्या आणि चालतच सुटल्या. धाकटा दारात उभा राहून बघत होता. शेचाळीस वर्षांच्या माणसाला तेव्हा कळलं, की आपल्याला बूट नव्हे, पाय करायचेत.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत कृत्रिम पायांची कार्यशाळा होती. तिथल्या मुख्य बाईंनी त्याला तीन दिवस राबवून घेतलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

दादा धाग्याला मेण लावत होता. धाकट्याने सांगितलं ते ऐकून घेतलं. "कायमचं?"

"कायमचं."

"बरं," म्हणाला आणि पुन्हा मेण लावायला लागला. धाग्याला मेण केव्हाच लावून झालं होतं.

वहिनी आतून बोलली, "भाऊजी, जाताना तेवढा उजवा हात काढून ठेवा. इथे लागेल."

काम मात्र त्याला असं लाभलं की विचारू नका. दोन वर्षं खाटेवर पडलेला एक रखवालदार दोन दांड्यांच्या मधून सात पावलं चालला आणि धाकट्याच्या पाठीत आनंदाने असा गुद्दा घातला, की दिवसभर दुखत होतं. ते दुखणंही गोड लागलं. पण घरी जाताना धाकटा दुकानाचा रस्ता टाळून लांबच्या वळणाने जायचा. एकदा चुकून समोरून गेला, तर फळीवर बूट मांडलेले दिसले. ओळीने अकरा. सगळे डावे. 

मग त्याला एक शहाणपण सुचलं. उजवा पाय नसलेले, कृत्रिम पायाला बूट नको म्हणणारे दोघे तिघे त्याने दादाकडे पाठवले. त्यांना डावाच बूट पुरेल, दादाचंही काम निघेल. दादाने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला, "माझं दुकान चालावं म्हणून लोकांचे उजवे पाय कापत सुटू नकोस."

आणि पन्नासाव्या वर्षी दादा उजवा बूट शिकायला बसला. दोन महिन्यांनी त्याने धाकट्याला बोलावून घेतलं. दोन्ही बूट एकट्याने केलेला पहिला जोड, तोही धाकट्याच्या मापाचा. दादाच्या तीन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"घाल. चावतो का सांग."

उजव्या करंगळीला चिमटा बसला. कार्यशाळेत धाकटा दिवसातून दहादा दरडावायचा, "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका, पाय तुमचा आहे." आत्ता त्याने त्या चिंध्यांकडे पाहिलं.

"अंगासारखा बसलाय, दादा."

दादाचं तोंड पोरासारखं फुललं. धाकट्याने करंगळीला कापूस लावून तो जोड रोज घातला. म्हटलं, आपल्या गुन्ह्याला एवढी शिक्षा तर हलकीच.

पाच आठवड्यांनी वहिनी कार्यशाळेत आली. कधी न येणारी बाई. पिशवीतून तिने एकेक करून नऊ उजवे बूट टेबलावर मांडले.

"सगळ्यांची एकच तक्रार. करंगळी. तुमच्या बुटावरून बेतले होते यांनी. लोक परत आणून आदळतात आणि हे त्यांच्याशी भांडतात, की तुमचेच पाय वाकडे, माझ्या भावाला तर नीट बसतो." तिने टेबलाखाली त्याच्या पायाकडे पाहिलं. "भाऊजी, खरंच बसतो?"

त्याने पाय मागे ओढून घेतला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दुकानात गेला. आपल्या जुन्या बाकावर नाही, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. बूट काढला, मोजा काढला. करंगळीवर हरभऱ्याएवढं कुरूप झालं होतं.

"इथे चावतो. पहिल्या दिवसापासून."

दादाने वाकून त्या बोटाकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीस?"

"तुला टाकून गेलो होतो. वर आणखी हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे दोनदा टाकून गेलास," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर धाकट्याला सोपं गेलं असतं.

दादाने बूट उचलला, रापीने शिवण उसवली. चुकीच्या जागी ताण देतोय हे धाकट्याला लांबूनच दिसलं आणि त्याचा हात आपसूक पुढे गेला.

"हात लावायचा नाही. तू आता पाय करतोस. तोंडाने सांग."

धाकट्याने हात मांडीखाली दाबून धरला. दादाने चामडं ओढून पुन्हा शिवलं. बूट पायात गेला.

"आता?"

"चावतोय. करंगळीच्या मुळाशी."

पुन्हा उसवणं, पुन्हा शिवणं. दादाच्या बोटाची चिंधी सुटून लोंबत होती आणि घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता.

"आता?"

आता बराच सैल झाला होता. हो म्हणून टाकलं असतं, तर दादा पाठ टेकून चहा प्यायला असता. धाकट्याने पाऊल दाबून पाहिलं, तर बारीक चिमटा होताच.

"अजून चावतोय, दादा," तो म्हणाला. दादाकडे बघवत नव्हतं, तरी त्याने बघितलं.

"काढ," दादा म्हणाला आणि त्याने पुन्हा रापी उचलली.