चारोळीची खूण

जर्मनीतल्या आमच्या लहानशा गावात आईचं मन रमेना. दिवाळी जवळ आली तशी ती आपल्या गावी, दिघोरीला परत जायचं म्हणू लागली.

"इथं नानकटाईबी नाई. तिकीट काढ माह्यं."

तिने राहावं असं मला फार वाटत होतं. नानकटाई झाली तर राहीन, एवढं तिने कबूल केलं.

मैदा, रवा, पिठीसाखर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. चारोळी तिने येतानाच आणली होती. वनस्पती तूप मात्र कुठेच नव्हतं. मी लोणी पुढे केलं.

"लोणी वितळते, बाबू. बिस्किट पोळीसारखं पसरते."

शेजारच्या शहरात एका अफगाण दुकानात, तांदळाच्या पोत्यांमागे, तुपाचा पत्र्याचा डबा सापडला. पैसे देताच आईने तो तिथेच उघडायला लावला आणि बोट बुडवलं. तूप रवाळ होतं. ती हसू लागली. दुकानदार हसला, मग मीही. बसमध्ये डबा तिच्या मांडीवर होता आणि आम्ही दोघं विनाकारण हसत होतो.

शनिवारी सकाळी उठलो तर आई घरात नव्हती. परातही नव्हती. ओव्हन थंड होता.

आमच्याकडे दिघोरीला नानकटाई घरी भाजत नाहीत. दिवाळीआधी बाया सामान घेऊन जवळच्या लाखांदूरच्या बेकरीत जातात आणि बेकरीवाला ते आपल्या भट्टीत भाजून देतो. ट्रेंची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. आमची खूण म्हणजे मधोमध एक चारोळी. बेकरी म्हणजे ही सोय, जगात कुठेही, अशी आईची समजूत होती.

ती चौकातल्या बेकरीत सापडली. परात काउंटरवर होती, तीत चारोळी लावलेल्या कच्च्या नानकटाया. मागे रांग होती. बेकर जर्मनमध्ये बोलत होता, आई आमच्या गावाकडच्या झाडीबोलीत. दोघांचाही आवाज शांत होता.

"त्याले सांग, मंद आच ठेव म्हणा."

"आई, इथं असं भाजून देत नाहीत."

"काहून? भट्टी तर पेटली हाये."

मी बेकरला सगळं समजावलं. त्याने परातीत पाहिलं. हे दाणे कशाला, असं विचारलं.

"दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून," आई म्हणाली. मी ते जर्मनमध्ये सांगितलं.

भट्टीवर दुसऱ्या कोणाचाही माल आलेला नव्हता. बेकरने गंभीरपणे मान हलवली, नानकटाया ट्रेवर मांडल्या आणि आमचा ट्रे सर्वांत वरच्या खणात, एकटा ठेवला.

नानकटाई पसरली नाही. वरून छान तडकली. रांगेतल्या लोकांनी गरम गरम खाल्ली आणि पाव घ्यायचं विसरून ते तिथेच उभे राहिले. बेकरने दुसरी उचलली. आईने एक उलटी करून पाहिली. तळ लालसर झाला होता.

"ताव जास्त झाला. त्याले विचार, पुढच्या शनिवारी भट्टी कधी मोकळी असते."

"आणि तिकीट?"

"आधी भट्टीचं विचार."