कॉयपू आणि संकष्टीची खिचडी

आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मुलांची चित्रं बघताना तपासणीला आलेल्या साहेबासारखे हात पाठीमागे बांधतात. या आखाती शहरातल्या शर्क भागात ज्या बँकेत ते नोकरी करतात तिथे बहुधा त्यांना ही संधी मिळत नसावी.

त्या शुक्रवारी मुलांचं प्रदर्शन होतं. विषय होता 'पाण्याकाठचे प्राणी'. भाड्याचा हॉल, बॅटरीवरची समई कारण हॉलवाल्याला आगीची भीती, टेबलावर शाल आणि नारळ, आणि पाहुणे म्हणून कुणी बडे साहेब. संकष्टी असल्यामुळे जेवणाऐवजी साबुदाण्याची खिचडी. ती माझ्याकडे होती. भलंमोठं पातेलं नवऱ्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं.

बाकीच्या मुलांनी फ्लेमिंगो, कासव, मगर असं काढलं होतं. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने कॉयपू काढला. मांजराहून थोराड उंदीर, मागच्या पायांना बदकासारखे पडदे, दात गाजराच्या रंगाचे. मादीचे स्तन कुशीवर उंच असतात, त्यामुळे पिल्लांना पोहता पोहता दूध पिता येतं, हे बाण काढून दाखवलेलं. खाली मजकूर होता. राहणारा दक्षिण अमेरिकेचा. मऊ केसांसाठी माणसांनी पिंजऱ्यात घालून देशोदेशी नेला. केसांना भाव राहिला नाही तेव्हा काहींनी पिंजरे उघडले, काही ठिकाणी तोच पळाला. आता बांध पोखरतो, लव्हाळ्याची मुळं खातो, म्हणून उपद्रवी ठरला. आपल्या शेजारी, इराकच्या दलदलीत पोचला आहे. शेवटची ओळ तिने माझ्याकडून मराठीत करून घेतली होती: 'त्याने व्हिसा मागितला नव्हता.'

अध्यक्ष त्या ओळीपाशी थांबले. मला बाजूला बोलावून म्हणाले, चित्र सुंदर आहे, पण पाहुणे यायच्या आत उतरवू. एक तर दिसायला घूस. त्यात बाहेरून आणलेली, वर उपद्रवी. आपण इथे कोण आहोत याचं भान ठेवायला हवं.

"त्यापेक्षा फ्लेमिंगो बरे, वहिनी. थंडी संपली की आपले आपण परत जातात."

आपण इथे कोण आहोत याचं भान आम्ही दर इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाला ठेवतो, देव पाण्यात घालून. मुलगी इथेच जन्मली, तरी तिचाही कागद त्याच रांगेत असतो. मंडळाच्या हॉलमध्ये त्याची वेगळी उजळणी मला नको होती.

मुलगी ऐकत होती. "काका, यातलं काही राँग आहे का?"

"राँग नाही गं. पण सगळं खरं भिंतीवर लावायचं नसतं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चिकटपट्टी सोडवायला लागली. भिंतीचा रंग निघू नये म्हणून अगदी हळू. ते हळू सोडवणं मला बघवेना.

"राहू दे," मी म्हणाले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "बाहेरचा म्हणून तो उतरणार असेल, तर खिचडीही घरी जाईल. साबुदाण्याचा कंद, बटाटा, दाणे, मिरची, सगळं या कॉयपूच्याच मुलखातलं. त्यांनाही कुणीतरी जहाजातून नेलं. आपण त्यांना थेट उपासाला चालवून घेतलं."

अध्यक्ष सकाळपासून उपाशी होते. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच झाकण नीट बसवलं.

खिचडीच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "वहिनी, जिरं तरी आपलं ना?"

"ते इकडच्याच बाजूचं असावं. विचारून बघा, परत मागतील."

हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत, पण चित्राकडे परत गेलेही नाहीत. मुलीने सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

साहेब आले. फ्लेमिंगोंवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली. कॉयपूपुढे मात्र ते थांबले, खाली वाकले, आणि त्या नारिंगी दातांवर बोट ठेवून मुलीला विचारलं, हा चावतो का?

"कोपऱ्यात घेतलं तर," ती म्हणाली.

अध्यक्ष तेव्हा शाल उलगडत होते.